वऱ्हाडी कापसाची कुळकथा

1870 सालच्या मार्च महिन्यांत हिंदुस्थानचे त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगांवीं आले. निमित्त होतें जलंब ते खामगांव या अवघ्या आठ मैलांच्या आगगाडीच्या फांट्याचें. आठ मैलांचा रूळ टाकणें म्हणजे कांहीं पराक्रम नव्हे. तेवढ्यासाठीं साम्राज्याच्या मुख्य अधिकाऱ्यानें वऱ्हाडच्या उन्हांत यावें, हें आज आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु त्या रुळाच्या टोकाशीं जो बाजार होता तो पाहिला म्हणजे नवल ओसरतें. 1820 च्या सुमारास कांहीं व्यापाऱ्यांनीं तेथें तूप, सूत आणि थोडा कापूस यांची उलाढाल सुरू केली, आणि पन्नास वर्षांच्या आंत ती वऱ्हाडांतली कापसाची सर्वांत मोठी पेठ झाली. त्या वेळीं खामगांव अकोला जिल्ह्यांत मोडत असे. 1905 सालीं खामगांव व जळगांव हे तालुके बुलढाणा जिल्ह्यास जोडण्यांत आले, आणि पूर्णेच्या खोऱ्यांतला घाटाखालचा काळ्या मातीचा आणखी मोठा पट्टा या जिल्ह्याच्या पदरीं पडला.

या बाजाराचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. अमेरिकेंतील 1861 ते 1865 चें यादवी युद्ध, लँकेशायरच्या बंद पडलेल्या गिरण्या, वऱ्हाडांत आलेला पैशाचा पूर आणि मागाहून आलेली ओहोटी, हें सारें श्रोत्यांच्या परिचयाचें आहे. मला आज जो इतिहास सांगावयाचा आहे तो रुईचा नव्हे, सरकीचा आहे. गेल्या दीडशें वर्षांत या सरकीला अनेकांनीं अनेक प्रश्न विचारले. ते प्रश्न कोणी विचारले, आणि कोणते विचारावयाचे राहून गेले, हें पाहिल्याखेरीज अलीकडे वनस्पतींच्या जनुकशास्त्रानें केलेल्या प्रगतीचा आपल्यापुरता अर्थ लागत नाहीं.

पहिला प्रश्न मँचेस्टरच्या गिरणीवाल्याचा. त्याला लांब धागा हवा होता. वऱ्हाडांत पूर्वीं बनी नांवाचा कापूस होत असे; त्याचा धागा मऊ, बारीक, आणि देशी कापसांत नांवाजलेला. पण बनीचें पीक बेताचें आणि रुईचा उतारा कमी. तिच्या जागीं हळूहळू जो कापूस आला त्याला जरी म्हणत. या जरीचा शालूच्या जरीशीं कांहींएक संबंध नाहीं. जरी म्हणजे एक वाण नव्हे, तर अनेक वाणांची भेसळ होती. धागा आंखूड व जाड, परंतु पीक भरघोस आणि सरकी काढल्यावर रुई अधिक. परदेशी व्यापाऱ्यांनीं आणि सरकारी अहवालांनीं वऱ्हाडी कुणब्याला याबद्दल पुष्कळ दूषणें दिलीं. मला तीं कधींच पटलीं नाहींत. लांब धाग्यास बाजारांत जो अधिक भाव मिळे, त्यानें उताऱ्याची तूट भरून निघत नसे. हिशेब कुणब्याचा बरोबर होता. त्याचा प्रश्न वेगळा होता, एवढेंच. पुढें या शतकाच्या मागल्या शतकारंभीं क्लाउस्टन या शेतकी अधिकाऱ्यानें त्याच भेसळींतून पांढऱ्या फुलाचा रोझियम नांवाचा वाण निवडून त्याचा प्रसार केला. तोहि आंखूड धाग्याचाच होता. पण त्याचा उतारा मोठा होता. म्हणजे सरकारनेंहि अखेरीस कुणब्याचाच हिशेब मान्य केला.

जरीची भेसळ केवळ शेतांत झाली नाहीं. घरोघरीं हातचरकीवर कापूस पिंजण्यापूर्वीं सरकी काढीत, तेव्हां पुढल्या पेरणीचें बीं घरांतच राही. वाफेच्या जिनांत गांवोगांवचा कापूस एका ढिगांत पडूं लागला, आणि शेतकरी घरीं नेई ती सरकी कोणाच्या शेतांतली हें देवालाच ठाऊक. 1923 चा कापूस-वाहतुकीचा कायदा आणि 1925 चा जिन व प्रेस कारखान्यांचा कायदा हे भेसळीला आळा घालण्यासाठींच झाले. वऱ्हाडांतली सरकी शेतकऱ्याच्या हातांतून प्रथम सुटली ती येथें.

आतां दुसरी गोष्ट. लांब धागा हवा, तर अमेरिकन बीं आणून लावावें, हा उपाय कंपनी सरकारच्या काळापासून चालत आला होता. धारवाडकडे तो कांहीं अंशीं साधला, वऱ्हाडांत साधला नाहीं. मग देशी आणि अमेरिकन यांचा संकर करावा, अशी युक्ति निघाली. येथें मात्र निसर्गानें दार बंद केलेलें होतें. क्वचित् संकराचें झाड उभें राही, पण तें वांझ निघे. फूल येई, बोंड धरीत नसे. हें असें कां व्हावें?

उत्तर मिळण्यास 1924 साल उजाडावें लागलें. डेनहॅम या शास्त्रज्ञानें कापसाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून त्यांतील गुणसूत्रें मोजलीं. देशी कापसांत तीं 26, आणि अमेरिकन कापसांत बरोबर दुप्पट, 52. गुणसूत्रें म्हणजे पेशीच्या केंद्रांतले ते सूक्ष्म धागे, ज्यांवर आनुवंशिक गुणांचा लेख असतो. बीं धरण्यापूर्वीं त्यांच्या जोड्या जमाव्या लागतात. 13 आणि 26 यांची पंगत एकत्र बसविली, तर उरलेल्यांना जोडीदार कोठून मिळणार?

त्याच सुमारास इंदूर येथें 1924 सालीं वनस्पतिसंशोधनाची एक संस्था निघाली होती. तिचे पहिले प्रमुख आल्बर्ट हॉवर्ड. शेणखताच्या इंदूर-पद्धतीमुळें त्यांचें नांव आपणांस माहीत आहे. 1933 ते 1937 या काळांत जोसेफ हचिन्सन यांनीं तेथें कापसावर काम केलें. पूर्वीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं हिंदी कापसाला इतकीं नांवें देऊन ठेवलीं होतीं कीं, पान थोडें खोल कापलेलें दिसलें कीं नवी जाति, फूल पांढरें दिसलें कीं आणखी एक. 1937 सालीं हचिन्सन व घोष यांनीं हा पसारा आवरला. आशिया व आफ्रिका खंडांतील सगळे लागवडीचे कापूस दोनच जातींत बसविले: एक आर्बोरियम, दुसरी हर्बेशियम. आपली बनी, जरी, रोझियम हीं सारीं आर्बोरियमचींच लेंकरें ठरलीं.

मग अमेरिकन कापसाचीं 52 गुणसूत्रें आलीं कोठून? 1934 मध्यें स्कोव्हस्टेड यांनीं एक धाडसी तर्क मांडला. त्यांतलीं 26 जुन्या जगांतल्या कापसासारखीं आहेत आणि 26 अमेरिकेंतल्या रानटी कापसासारखीं. तेव्हां हा कापूस दोन घराण्यांच्या सोयरिकींतून जन्मला असला पाहिजे. 1940 सालीं टेक्ससमध्यें बीझली यांनीं तो प्रयोगानें पडताळून पाहिला. देशी आर्बोरियम आणि अमेरिकेंतला एक रानकापूस यांचा वांझ संकर घेऊन, कॉल्चिसीन या औषधानें त्याचीं गुणसूत्रें दुप्पट केलीं, आणि तें झाड अमेरिकन कापसाशीं संकर करण्याजोगें झालें. ज्या वऱ्हाडी कापसाला मँचेस्टरवाल्यांनीं हलका म्हणून नाक मुरडलें, त्याचेंच कुळ त्यांच्या लाडक्या अमेरिकन कापसाच्या अर्ध्या अंगांत होतें. इतिहास असा विनोद सहसा करीत नाहीं.

यानंतर सत्तर वर्षांनीं हा सबंध लेख अक्षरशः वाचण्याची सोय झाली. एखाद्या वनस्पतीच्या पेशींत आनुवंशिक गुणांची जी संपूर्ण लिपि असते, तिला जीनोम म्हणतात. या लिपींत अक्षरें चारच, पण तीं कोट्यवधि वेळां येतात. 2012 सालीं अमेरिकेंतल्या त्या रानकापसाच्या एका भाऊबंदाचा जीनोम प्रसिद्ध झाला. 2014 सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं आर्बोरियमचा जीनोम वाचला. तो सुमारें 170 कोटी अक्षरांचा निघाला, म्हणजे रानकापसाच्या जवळजवळ दुप्पट. त्यांत त्यांना 41,330 जनुकें मोजतां आलीं. 2015 मध्यें 52 गुणसूत्रांच्या अमेरिकन कापसाचीहि पाळी आली. आणि 2020 सालीं कुळकथेंत एक दुरुस्ती झाली. आर्बोरियम किंवा हर्बेशियम यांपैकीं कोणीहि अमेरिकन कापसाचा साक्षात् जनक नव्हे. तिघांचाहि मूळ पुरुष आतां लोप पावलेला एक कापूस असावा, असें त्या संशोधनानें दाखविलें. म्हणजे वऱ्हाडी कापूस हा अमेरिकन कापसाचा बाप नसून चुलता ठरला. दहा-वीस लाख वर्षांपूर्वींच्या सोयरिकीचा निकाल इतक्या बारकाईनें लागावा, हें खरोखर कौतुकास्पद आहे.

परंतु वाचणें निराळें आणि उमजणें निराळें. आर्बोरियमच्या लिपीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग, सुमारें 68 टक्के, हा पुनःपुन्हा येणाऱ्या मजकुराचा आहे. पोथी नकलणाऱ्यानें एकच ओळ हजारदां उतरवावी, तसा. या पुनरुक्तीमुळेंच सलग लेख जुळविणें फार बिकट झालें. शिवाय 2014 सालीं वाचली गेली ती प्रत शीशिया-1 नांवाच्या एका चिनी वाणाची. 2018 सालीं देशी कापसाच्या दोन्ही जाति मिळून 243 नमुने पडताळून पाहण्यांत आले. त्यांतहि बहुसंख्य चीनमधून जमविलेले होते. यांत चिन्यांचा दोष मुळींच नाहीं. ज्यानें दिवा लावला तो आपलेंच घर आधीं पाहील. ज्या उपखंडांत मेहेरगडच्या एका तांब्याच्या मण्यांत सुमारें 8000 वर्षांपूर्वींचा कापसाचा धागा सांपडला, तेथील वाण स्वतःच्या दिव्यानें पाहणें हें आपलें काम होतें आणि आहे. एका ज्ञानेश्वरीच्या एका प्रतीवरून मराठी भाषेचें सगळें रूप कळलें असें कोणी म्हणणार नाहीं. एका वाणाच्या जीनोमाचेंहि तसेंच आहे.

मधल्या काळांत शेतांत काय झालें होतें? 1970 सालीं सुरत येथें डॉ. सी. टी. पटेल यांनीं एच्-4 हा जगांतला पहिला व्यापारी संकरित कापूस काढला. पुढें अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें वऱ्हाडासाठीं स्वतःचे संकरित वाण दिले. यांत अमेरिकन जातीचा वांटा वाढत गेला आणि देशी पऱ्हाटी बांधाकडे सरकत गेली. मार्च 2002 मध्यें सरकारनें बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांस परवानगी दिली. मातींतल्या एका जंतूचें जनुक कापसांत घालून बोंडअळीस मारक असें द्रव्य झाडाच्या अंगींच उत्पन्न करावयाचें, ही त्यांतली कल्पना. तें जनुक प्रथम कोकर 312 या अमेरिकन वाणांत घातलें गेलें आणि तेथून पिढ्यान् पिढ्या संकर करून इकडच्या वाणांत उतरविलें. 2006 सालीं दोन जनुकांचा कापूस आला. आरंभीं फवारणी घटली, पीक वाढलें, आणि थोड्याच वर्षांत दुसरें बीं दुकानांत मागूनहि मिळेनासें झालें.

येथें एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. इतर देशांत हें जनुक बहुधा सरळ वाणांत घातलें गेलें; आपल्याकडे संकरित वाणांत. संकरित झाडाला तें जनुक एकाच पालकाकडून मिळतें. त्या झाडाच्या बोंडांत जी सरकी धरते ती पुढली पिढी. तींत मेंडेलच्या नियमानें दर चार सरक्यांपैकीं सरासरी एक त्या जनुकावांचून राहते. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडांत तिला थोडें विष आणि थोडें निर्विष अन्न वाढलें जातें. एखाद्या कीटकाला विष पचविण्याची तालीम द्यावयाची झाली, तर याहून सोयीची शाळा काढतां आली नसती. त्यांत आपल्या संकरित वाणांचा हंगाम लांब, आणि पाणी असलें तर फरदड घेण्याचा मोह मोठा. अळीला वर्षभर घर मिळालें. 450 ग्रॅमच्या पुड्यासोबत साध्या सरकीची 120 ग्रॅमची वेगळी पुडी मिळत असे. ती शेताच्या कडेनें पेरावी, म्हणजे विष न पचविणाऱ्या अळ्याहि जगतील व प्रतिकार लांबेल, असा तिचा हेतु. किती जणांनीं ती पेरली, हें गांवांत कोणालाहि विचारावें. 2010 सालीं एका जनुकाच्या कापसावर गुलाबी अळी तगत असल्याचें गुजरातेंत उघड झालें, आणि 2017 च्या हंगामांत विदर्भांत दोन जनुकांच्या कापसाचीं बोंडें आंतून पोखरलेलीं निघालीं. ज्यांनीं त्या वर्षीं शेतांत उभें राहून वरून धड दिसणारें बोंड फोडून पाहिलें, त्यांना निराळें वर्णन नको.

बीं दरवर्षीं विकत घ्यावयाचें, ही प्रथा याच काळांत पुरती रुजली. 2001 च्या वाणसंरक्षण व शेतकरी-हक्क कायद्यानें शेतकऱ्यास स्वतःचें बीं राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क दिलेला आहे. पण संकरित कापसाची सरकी राखली, तर पुढल्या सालीं शेतांत एकसारखें झाड उभें राहत नाहीं. कायद्यानें दिलेला हक्क निसर्गनियमानें निरुपयोगी व्हावा, असें हें प्रकरण आहे. उलट बाजूहि आहे. जून 2019 मध्यें आपल्या शेजारच्या अकोट तालुक्यांत शेतकऱ्यांनीं परवानगी नसलेलें तणनाशक-सहिष्णु बीं उघडपणें पेरून दाखविलें. नवें शास्त्र आम्हांस नको असें नव्हे, तें वेळेवर हवें, असें त्यांचें म्हणणें होतें. कायद्याचा प्रश्न बाजूस ठेवला, तरी ही तक्रार ऐकून घेण्याजोगी आहे.

जनुकशास्त्राचें चित्र केवळ कापसापुरतें काळें-पांढरें नाहीं, हें सांगण्यास पऱ्हाटीच्या ओळींत उभी असलेली तूर पुरे आहे. 2011 सालीं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकारानें तुरीचा जीनोम वाचला गेला, आणि त्यासाठीं निवडलेला वाण आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा, आशा नांवाचा होता. मोठ्या धनिक देशांना जिच्यांत रस नाहीं अशा पिकाला हा मान मिळाला, तो कोणीतरी आपल्या गरजेचा प्रश्न आपण होऊन विचारला म्हणून.

वऱ्हाडी कापसाबद्दल असा प्रश्न कोणता? मला तरी तो पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत दिसतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतल्या या पट्ट्यांत जमिनीखालचें पाणी खारें. विहीर असून ओलिताच्या उपयोगाची नाहीं. पिकानें पावसावर आणि मातींत मुरलेल्या ओलीवर जगावें लागतें. देशी पऱ्हाटीचें मूळ खोल जातें, पाऊस लांबला तरी ती दम धरते, तुडतुड्यासारख्या रस शोषणाऱ्या किडीस ती सहसा दाद देत नाहीं, आणि उत्तर हिंदुस्थानांत अमेरिकन कापसाला सतावणारा पानें मुरडण्याचा विषाणु-रोग तिला होतच नाहीं. हे गुण जीनोमांत कोठें लिहिलेले आहेत, हें शोधणें बोंडअळीच्या जनुकापेक्षां पुष्कळ अवघड आहे. अळी मारण्यास एक जनुक पुरतें; दम धरण्याचा गुण अनेक जनुकांत थोडाथोडा वांटलेला असतो, आणि तो प्रयोगशाळेच्या कुंडींत दिसत नाहीं. त्यासाठीं त्याच काळ्या मातींत, त्याच लहरी पावसांत, ओळीनें अनेक वर्षें शेंकडो वाण लावून मोजदाद करावी लागेल. यंत्र आतां एका दिवसांत कोट्यवधि अक्षरें वाचतें. परंतु पावसाळा अजून वर्षांतून एकदांच येतो.

दुसरी अडचण हाताळण्याची. जीनोममध्यें नेमक्या ठिकाणीं अक्षर बदलण्याची विद्या आतां साध्य झाली आहे. परक्या जनुकाची भर न घालतां केलेल्या अशा कांहीं बदलांना मार्च 2022 मध्यें केंद्र सरकारनें जुन्या कडक नियमांतून सूट दिली, आणि मे 2025 मध्यें या रीतीनें सुधारलेले भाताचे दोन वाण जाहीरहि झाले. कापसांत हें इतकें सोपें नाहीं. बदललेल्या एका पेशीपासून सबंध झाड उभें करावें लागतें, आणि कापसाचे फारच थोडे वाण पेशीपासून सहज उगवतात. कोकर 312 निवडला गेला तो एवढ्याच कारणानें. त्याच्या धाग्याचें किंवा पिकाचें कौतुक म्हणून नव्हे. देशी कापूस या बाबतींत फारच हट्टी आहे. तो हट्ट ज्या दिवशीं मोडेल, त्या दिवशीं आंखूड धाग्याची जुनी तक्रार कदाचित् निकालांत निघेल. परभणीच्या कृषि विद्यापीठानें तर जुन्या निवड-संकराच्या मार्गानेंच लांब धाग्याचे देशी वाण काढून ती अगदींच असाध्य नाहीं हें दाखविलें आहे.

आणि हें सारें ज्यावर करावयाचें तें बीं शिल्लक पाहिजे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेंत दहा हजारांहून अधिक नमुन्यांचा सांठा आहे. अकोल्यास राष्ट्रीय वनस्पति आनुवंशिक संपदा ब्यूरोचें प्रादेशिक केंद्र आहे, आणि त्या ब्यूरोच्या दिल्लीच्या कोठारांत बियाणें उणें 18 अंशांच्या थंडींत जपून ठेवतात. अशा प्रत्येक पाकिटासोबत एक नोंद असते: नमुन्याचा क्रमांक, कोणी आणला, कोणत्या तारखेस, कोणत्या गांवाहून. जेथें ही गांवाची जागा कोरी राहते, तेथें जीनोमची सगळीं अक्षरें वाचूनहि तो वाण कोणत्या मातींत कसा वागला हें सांगतां येत नाहीं. संग्रामपूर-जळगांवकडे एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरीं गाडग्यांत देशी सरकी अजून असेल, तर तिच्यासोबत त्याच्याजवळचें नांव, पेरणीचें नक्षत्र आणि शेताची ओळखहि लिहून घेतली पाहिजे. जिनाच्या ढिगांत नेमकी हीच माहिती प्रथम हरवली होती.